दरवाजांच्या शहरात

कल्याणला पंजाब मेलमध्ये आम्ही पाय ठेवला तेव्हा रात्र पडली होती. समोरच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनी आपली पेटी बाकाखाली सारली, तिला साखळी घातली, साखळीस कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले, आणि एवढे सर्व यथासांग झाल्यावरच आमच्याकडे मान वळवून 'कुठवर जाणार?' अशी चौकशी केली. काही वेळाने त्यांनी डबा उघडून आमच्यापुढे धरला. नेमकी त्याच्या वरच, अनोळखी माणसाकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नयेत, अशी सूचना चिकटविलेली होती. आमची नजर तिकडे गेलेली पाहून ते हसले, एक पुरी आधी स्वतःच्या तोंडात टाकली आणि म्हणाले, "आता घ्या. आता आपण अनोळखी नाही." भुसावळला ते उतरले तेव्हा आम्ही जागेच होतो, परंतु आम्ही झोपलो आहोत अशा समजुतीने त्यांनी साखळी अगदी हळूच, आवाज न करता सोडली.

आम्ही भोपाळला निघालो होतो ते काही शहर पाहण्यासाठी नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एक मावशी पुष्कळ वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेल्या. त्यांचे नाव सांगावयाचे नाही, असे वचन त्यांना दिले आहे. यजमान तेथील अवजड विद्युत सामग्रीच्या सरकारी कारखान्यात होते. 1960 साली पंडित नेहरूंच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, तो हा कारखाना. त्याच्या आधाराने देशाच्या सर्व भागांतील माणसे भोपाळला येऊन वसली, त्यांत मराठी कुटुंबेही आली. यजमान निवर्तले, मुलगी परदेशी गेली, मावशी एकट्या राहिल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यावर एक प्रसंग गुदरला. त्या प्रसंगात आमच्याही पदरी एक दोष आहे. तो पुढे सांगू. सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

पहाटे इटारसी मागे पडली आणि गाडी नर्मदेच्या पुलावर आली. कोणी हात जोडले, कोणी नाणे टाकले. पुढे विंध्याचा घाट लागतो. दोन्ही बाजूंस सागाचे रान, मधून मधून बोगदे. रातापाणीचे हे अरण्य 2024 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. परंतु या मुलखातील वाटांचे जुने भय वाघाचे नव्हते. ते ठगांचे होते. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1836 साली त्यांच्या गुप्त बोलीचा कोश छापला. त्या काळच्या वृत्तान्तांतून ठगांची जी रीत दिसते, ती मोठी विलक्षण आहे. ठग झाडीतून झडप घालीत नसत. ते वाटसरू होऊन वाटसरूंना भेटत. 'पुढे रस्ता भयाचा आहे, ठग फिरत आहेत, आपण सोबतीने जाऊ' असे तेच म्हणत. कित्येक दिवस एकत्र चालत, एकत्र जेवत, आणि मग एखाद्या मुक्कामी तंबाखू आणण्याची साधी आज्ञा हीच खूण ठरलेली असे. त्यासरशी रुमाल गळ्याभोवती पडे. सुरक्षिततेचे आमिष दाखवूनच ते माणूस मारीत. इंग्रजांनी हे प्रकरण फुगविले, असे आजचे इतिहासकार म्हणतात, व त्यात तथ्य आहे; तरी भयाच्या नावाने विश्वास मिळविण्याची ही रीत खोटी म्हणता येत नाही. ती आजही चालू आहे. मावशींच्या घरी पोहोचल्यावर तिची आठवण आम्हांस पुन्हा झाली.

भोपाळचा जुना भाग हा तटबंदीचा गाव. दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात तलावाच्या काठी फत्तेगड किल्ला बांधला आणि त्याच्याजवळ शहर वसविले. शहराभोवती कोट होता, कोटाला दरवाजे होते, आणि दरवाजांना वारांची नावे होती. इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती ही नावे आजही मोहल्ल्यांना चिकटून आहेत. जुमेराती दरवाजा तर उभा आहे; त्याच्या कमानीखालून आम्ही गेलो तेव्हा वर विजेच्या तारांचे जाळे, खाली चपलांचे ढीग आणि मध्ये एक हातगाडी अडकलेली होती. ती निघेपर्यंत कोणीही आत जाऊ शकेना व बाहेर येऊ शकेना. कोटाचे काम त्या क्षणी तरी हातगाडीने चोख बजाविले.

हा कोट कोणाच्या भयाने होता, हे आठवले म्हणजे मराठी माणसाने थोडे संकोचून चालावे. 1737 च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामास येथेच कोंडले आणि 1738 च्या जानेवारीत दोराहे येथे तह झाला. त्याच दिवसांत चिमाजी अप्पांची मोहीम आमच्या वसईत चालू होती. 1739 च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. पुढे 1812 च्या सुमारास शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. तेव्हा वजीर मोहम्मदाने शहर लढविले आणि बायकांनीही तटावरून मारा केला, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. म्हणजे दरवाजे बंद करावयाचे ते आपल्यासाठी! पाहुणा म्हणून त्याच दरवाजातून आत जाताना हे मनात ठेवले पाहिजे.

1819 पासून 1926 पर्यंत, एकीमागून एक चार बेगमांनी हे राज्य चालविले. आमच्या वाचकांस अधिक नवल वाटेल ते असे की, त्या मुसलमान राणीच्या दरबारी एक कॅथलिक दिवाण होता. बूर्बाँ घराण्याचा बाल्थाझार, ज्यास लोक शहजाद मसीह म्हणत. फ्रान्सच्या राजघराण्याशी आपले नाते आहे अशी त्या घराण्याची परंपरा; तिची शहानिशा आम्ही करीत बसत नाही. जहांगीराबादेत असिसीच्या संत फ्रान्सिसचे जे कॅथेड्रल आहे, ते या घराण्याच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. भोपाळचा महाधर्मप्रांत 1963 साली स्थापन झाला आणि त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हे नागपूरहूनच तिकडे गेले. सकाळची मिस्सा आम्ही तेथे अर्पण केली. फाटकाशी रखवालदार होता व त्याच्या डोक्यावर कॅमेरा. आमच्याही चर्चच्या फाटकावर गेल्या वर्षी कॅमेरा बसविला आहे, तेव्हा बोलावयास जागा नाही.

दुपारी आम्ही युनियन कार्बाइडच्या कारखान्याकडे गेलो. वृद्ध रिक्षावाल्याने भिंतीपासून जरा दूरच रिक्षा उभी केली. "पुढे जा, फादर, मी येथेच बसतो," म्हणाला. त्याचे कारण आम्ही विचारले नाही.

1984 सालचा आगमनकाळाचा पहिला रविवार 2 डिसेंबरला होता. त्या रात्री, मध्यरात्र उलटण्याच्या सुमारास, 610 क्रमांकाच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. सुमारे 40 टन वायू झोपड्यांवरून शहरात पसरला. सरकारने प्रथम 2,259 मृत्यू मान्य केले. पुढे नुकसानभरपाई देताना हा आकडा 5,000 च्या वर गेला, आणि वाचलेल्यांच्या संघटना तो याहून कितीतरी अधिक सांगतात. धावताना श्वास जोराने चालत असल्यामुळे जे धावले त्यांच्या छातीत तो अधिक गेला. ओले फडके तोंडावर धरून निजून राहावे, एवढे जरी कोणी सांगितले असते तरी पुष्कळ जीव वाचते. कोणी सांगितले नाही. कारखान्याचा भोंगा होता. परंतु लहानसहान गळतीने वस्ती उगाच घाबरू नये म्हणून त्याची व्यवस्था आधीच अशी करून ठेवली होती की, बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद व्हावा. लोक भिऊ नयेत म्हणून लोकांना जागे करणारा आवाजच बंद केला गेला. 1982 सालापासून राजकुमार केसवानी या पत्रकाराने 'रपट' नावाच्या आपल्या लहानशा साप्ताहिकातून या धोक्याविषयी वारंवार लिहिले होते. लहान साप्ताहिक कोण वाचतो? तुम्ही वाचता, म्हणून सांगत आहोत.

त्या रात्री भोपाळ स्थानकावर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. प्रवाशांनी भरलेली एक्सप्रेस गाडी फलाटावर उभी होती. वरच्या हुकमाची वाट न पाहता त्यांनी ती वेळेआधी सोडली, आणि स्वतः वायूत उभे राहून मदत मागवीत राहिले. त्या गाडीतील कित्येकांना आपण कशातून सुटलो हे पुढे वर्तमानपत्रांतूनच कळले असेल.

यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टाक्यांत काही वायू उरला होता व तो संपविणे अवश्य होते. त्यासाठी कारखाना 16 डिसेंबरला पुन्हा चालू करावयाचे ठरले. आपण त्यास आनंदाचा रविवार म्हणतो, तो आगमनकाळाचा तिसरा रविवार. या मोहिमेस नाव दिले गेले 'ऑपरेशन फेथ', म्हणजे श्रद्धेची मोहीम. कुंपणावर ओली फडकी टांगली, विमानांतून पाणी शिंपडले, मुख्यमंत्री अर्जुनसिंग स्वतः कारखान्यात जाऊन बसले. तरीही त्यापूर्वीच्या दिवसांत लाखाहून अधिक माणसे बोचकी उचलून शहर सोडून गेली. वायू सुखरूप संपला. सरकारचे म्हणणे त्या दिवशी खरे होते, आणि तरीही लोकांनी ते मानले नाही. त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाही. पंधरवड्यापूर्वी ज्यांचे भोंगे बंद राहिले, त्यांनी श्रद्धेचे नाव फळ्यावर लिहिल्याने श्रद्धा कशी उपजावी? आम्ही धर्मगुरू हा शब्द दररोज उच्चारतो, म्हणून तो तेथे फार टोचला.

मदर तेरेसा त्या डिसेंबरात भोपाळला आल्या आणि क्षमा करा असे म्हणाल्या. यावर तेथे अजून राग आहे. मावशींच्या शेजारच्या बाई आम्हांस म्हणाल्या, "फादर, क्षमा मागायला तरी कोणी यायला हवे होते ना?" फौजदारी खटल्याचा निकाल 2010 च्या 7 जूनला लागला: दोन वर्षांची शिक्षा आणि लगोलग जामीन. कंपनीचा अमेरिकेतील अध्यक्ष कधी कोर्टापुढे आलाच नाही. तो 2014 साली वारला. कारखान्यातील 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत बारा बंद गाड्यांतून पिथमपूरला गेला व जूनअखेर जाळण्यात आला. पिथमपूरच्या लोकांनी त्यावेळी रस्ते अडविले. त्यांनाही सांगण्यात आले होते की भय नाही.

क्षमेविषयी बोलावयाचे तर इंदूर या प्रांतात फार दूर नाही. 1995 च्या 25 फेब्रुवारीस उदयनगरहून निघालेल्या बसमध्ये धर्मभगिनी राणी मारिया यांची भोसकून हत्या झाली. गरीब शेतमजुरांना सावकाराच्या पाशातून सोडवीत, हा त्यांचा अपराध. बस माणसांनी भरलेली होती आणि कोणी जागचे हलले नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली. 2017 साली राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले तेव्हा सर्वांनी त्या राखीची आठवण काढली, आणि ते योग्यच झाले. आमचे मन मात्र कधी कधी बसमधील उतारूंपाशी घोटाळते. आपण त्यांतले कोणते असतो?

शहरात काम करणाऱ्या एका धर्मभगिनीने आम्हांस पारध्यांच्या वस्तीत नेले. पारधी आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. 1952 साली तो कायदा रद्द झाला, परंतु माणसांच्या मनातून झाला नाही. कोठे चोरी झाली की बोट प्रथम या वस्तीकडे वळते. मराठी मुलखाच्या सीमेवरील बैतूल जिल्ह्यात, तापीचा उगम जेथे होतो त्या मुलताईजवळच्या चौथिया गावी, 2007 च्या सप्टेंबरात एका हत्येचा संशय घेऊन जमावाने पारध्यांची घरे जाळून टाकली. आपल्या सुरक्षिततेसाठी आपण काय जाळतो, हे वस्तीतल्या एका म्हातारीने आम्हांस एका वाक्यात सांगितले: "तुम्ही रात्री दाराला कडी लावून झोपता, आम्ही कडी उघडी ठेवून झोपतो, पळायला वेळ लागू नये म्हणून."

आमच्या गावी पूर्वी दाराला कुलूप नव्हते, असे म्हातारी माणसे सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी; चोरण्यासारखे घरात फारसे नव्हते, हेही एक कारण. परंतु 1980 नंतर जमिनींना भाव आले, गुंड आले, संध्याकाळी लोक दारे लावू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे जे हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते त्या भयातूनच बाहेर पडले होते. आता नवे भाडेकरू आले की आपण त्यांच्याकडे कसे पाहतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

असो. आता मावशी.

त्यांना सकाळी फोन आला की, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. मग गणवेशातला एक अधिकारी फोनच्या चित्रात दिसू लागला. मागे झेंडा, भिंतीवर राजमुद्रा. तो म्हणाला, तुम्ही फार सज्जन दिसता, तुम्हांला कोणीतरी गुंतविले आहे, आम्ही तुम्हांला वाचवू. मात्र कॅमेरा बंद करावयाचा नाही, दार उघडावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही. तुम्ही 'डिजिटल अटकेत' आहात. (वाचकहो, तंबाखू आणण्याची आज्ञा येथेच झाली.) तीन दिवस मावशी फोनसमोर बसून राहिल्या. झोपताना तो उशाशी ठेवीत. तिसऱ्या दिवशी स्वतः बँकेत जाऊन, 'पडताळणी झाली की परत मिळतील' या बोलीवर, त्यांनी सतरा लाख रुपये धाडले. खिडकीवरील मुलीने विचारलेही. मुलीच्या घरासाठी, असे उत्तर त्यांना पढविलेले होते.

"फादर," मावशी म्हणाल्या, "दाराला कडी बाहेरून नव्हती. मीच आतून लावली होती. शेजारीण तीनदा वाजवून गेली. ताप आहे, म्हटले."

आणि आता आमचा दोष. पहिल्या रात्री, नजर चुकवून, मावशींनी आम्हांस एक ओळ पाठविली होती: 'फार अडचणीत आहे, प्रार्थना करा.' आम्ही दुसऱ्या दिवशीच्या सणाच्या तयारीत होतो. 'देव पाठीशी आहे' असे लिहून खाली जोडलेल्या हातांचे चित्र धाडले. काय झाले, हा एक शब्दही विचारला नाही. प्रार्थना केली की नाही, तेही आज आम्हांस स्मरत नाही.

हे आम्ही मावशींसमोर बोललो. त्या म्हणाल्या, "तुम्ही फोन केला असता तरी मी उचलला नसता." हे त्यांनी आमच्या समाधानासाठी म्हटले. आम्ही ते तसे घेतले नाही.

त्यांना पैशापेक्षा लाजेचे दुःख मोठे आहे. चार रविवार त्या मिस्सेला गेल्या नाहीत. शिकलेली बाई, यजमान इतक्या मोठ्या कारखान्यात, आणि अशी कशी फसली, असे लोक म्हणतील म्हणून. आम्ही त्यांना सांगितले की, 2024 च्या नोव्हेंबरात याच भोपाळात एक व्यापारी असाच फोनसमोर बसला असताना सायबर पोलीस थेट त्याच्या घरी पोहोचले व त्यास सोडविले; मोठमोठे डॉक्टर, अधिकारी या जाळ्यात सापडले आहेत; 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. भारताच्या कोणत्याही कायद्यात 'डिजिटल अटक' नाही. कोणताही पोलीस किंवा न्यायाधीश फोनवरून अटक करीत नाही व पडताळणीसाठी पैसे मागत नाही. असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा, शेजाऱ्यास हाक मारावी. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता 1930 या क्रमांकावर कळवावे. कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि लवकर कळविल्यास वाटेत अडविता येतो. मावशींनी कळविले ते अकरा दिवसांनी, मुलीला कळल्यावर.

"हे गावातल्या म्हाताऱ्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "माझे नाव नको. पण सांगा."

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. सिंधी कुटुंब, फाळणीनंतर सासरे सगळे टाकून येथे आले. त्यांनी डाळ-पकवान आणले होते. आम्ही जपमाळ म्हटली. त्या कडेला बसून राहिल्या, आणि शेवटी सर्वांबरोबर कपाळाला हात लावला. मध्येच मावशींचा फोन वाजला. दुसऱ्या दशकाचे शब्द मावशींच्या ओठांवरच थांबले. शेजारीणबाईंनी उठून फोन पाहिला, "गॅसवाला आहे," म्हणाल्या, आणि मावशींनी प्रणाम मारिया जेथे सोडला होता तेथून पुन्हा घेतला.

गाडी रात्रीची होती. निघताना मावशींनी आमच्या पिशवीत बहिणीसाठी एक लुगडे व आमच्यासाठी पुऱ्या घातल्या. दाराशी उभ्या राहून क्रूसाची खूण करवून घेतली. आम्ही जिना उतरू लागलो तेव्हा मागे वरची कडी लागली, मग साखळी, मग खालची कडी. तिन्ही आवाज होईपर्यंत आम्ही पायरीवर थांबलो.